पत्त्याच्या वरची ओळ

अंकुशचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. अंकुश मेश्राम कन्हानच्या एका डायलिसिस केंद्रात कॉम्प्युटर सांभाळतो, आणि त्याची आई कौसल्याबाई तिथेच पेशंट आहे.

"मेघाताई, मायचं नाव यादीत थांबवलेलं दाखवून राहिलं," तो म्हणाला. "काल एक किडनी आली होती. मायले जुळत होती. नाव थांबलेलं म्हणून दुसऱ्याले गेली. मी तर बराबर पाठवून राहिलो होतो, मंग असं काहून झालं?"

डबा तसाच झाकला आणि स्कूटर काढली.

किडनीची वाट पाहणाऱ्यांची तब्येत ठीक असल्याची नोंद केंद्राने दर आठवड्याला शहरातल्या प्रतीक्षा यादीच्या सर्व्हरवर पाठवायची असते. नोंद आली नाही की नाव आपोआप थांबतं. या केंद्रातून यादीत कौसल्याबाईंचं एकच नाव होतं. पाठवायचा प्रोग्राम आमच्या कंपनीचा. लिहिला आमच्याकडे आधी असलेल्या अंकितने, जो आता पुण्यात मजेत आहे. अंकुश बटण दाबायचा आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पाठवले' असं यायचं.

कन्हानला पोचून मी प्रोग्रामचा लॉग, म्हणजे त्याने आपल्या कामाची ठेवलेली नोंद, उघडला. 'वेब-पत्ता अमान्य', 'वेब-पत्ता अमान्य', खालपर्यंत तेच. चूक झाली तरी ती गिळून हिरवी अक्षरं दाखवायची, अशी सोय अंकितने करून ठेवली होती. असला आळस माझ्या डोक्यात जातो. तो समोर असता तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

यादीवाल्यांनी मध्यंतरी सर्व्हर बदलला होता आणि नवा पत्ता अंकुशनेच सेटिंगच्या नव्या फाईलमध्ये टाकला होता. तो पत्ता त्याच्या मोबाइलवर आलेल्या यादीवाल्यांच्या मेसेजमधून घेऊन मी ब्राउझरमध्ये उघडून पाहिला. उघडला. म्हणजे सर्व्हर ठीक होता आणि पत्ताही बरोबर होता. मग विनंती पाठवण्याआधी प्रोग्राम नेमका कोणता पत्ता वापरतो, तोच पडद्यावर छापायला लावला.

पडद्यावर आलं, 'जय भीम'.

अंकुश कोरा कागद हातात घेतला की सगळ्यात वर हेच लिहितो, मग तो अर्ज असो नाहीतर किराण्याची चिठ्ठी. फाईलही कोरीच होती. त्याने आधी ते लिहिलं आणि खाली पत्ता. प्रोग्राम मात्र डोळे मिटून पहिली ओळच पत्ता म्हणून उचलत होता.

"अंकुशभाऊ, चूक प्रोग्रामची आहे," मी म्हणाले. "उचललेली ओळ पत्ता आहे की नाही, हे त्याने तपासायला हवं होतं."

ते खरंच होतं. पण अंकुशने पडदा वाचला होता आणि माझं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

http ने सुरू होणारी ओळच उचलायची आणि चूक झाली तर लाल अक्षरांत सांगायचं, एवढी दुरुस्ती मी केली. नोंद गेली. कौसल्याबाईंचं नाव पुन्हा चालू झालं. पुढची किडनी कधी येईल, येईल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं.

अंकुश उठून आईच्या खाटेपाशी गेला. मीही मागे गेले. मशीन तिचं रक्त फिरवत होतं.

"माय, ते माझ्यानं झालं," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं.

"वर काय लिवलं होतं म्हणतं?"

"जय भीम."

"तुले पेन्सिल धरता येत नव्हती, तवा मीच हात धरून शिकवलं होतं," ती म्हणाली. "पहिले ते, मंग बाकीचं."

अंकुश खाटेच्या कडेवर डोकं टेकवून रडू लागला. तिच्या एका हातात मशीनच्या सुया होत्या, तो हलवता येत नव्हता. दुसरा हात तिने त्याच्या डोक्यावर ठेवला.

"पुढच्या बारीलेही वर तेच लिवजो," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "चालन नं वं, पोरी?"

"चालेल, मावशी," मी म्हणाले.