दोन जॉन

विनिफ्रेड ऑल्ड्रॉइडने तीस वर्षं यॉर्कशायरच्या घाटांतून बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर घराण्याची वंशावळ शोधायला घेतली. अकरा वर्षं ती एकाच माणसापाशी अडकली होती. खापरपणजोबांचे वडील जॉन. थॉर्नगिलच्या चर्चच्या वहीत १८११ साली, अठराव्या वर्षी, त्यांना पुरल्याची नोंद होती. त्याच वहीत १८१५ साली त्यांचं लग्न लागलं होतं. दोन्हीकडे बापाचं नाव एकच: एनॉक, चाकं बनवणारा.

"चार वर्षं विश्रांती घेतली असेल," तिचा धाकटा भाऊ स्टॅनली म्हणायचा. "आपण भुताची पोरं, विनी. म्हणून तुझे केस असे."

"तू गप रे, टकल्या!"

बारशाची, म्हणजे पाद्री बाळाच्या डोक्याला पवित्र पाणी लावून नाव ठेवतात त्याची, नोंद सापडली असती तर गुंता सुटला असता. पण १७९३चं पान उंदरांनी खाल्लं होतं. पाद्री दरवर्षी वहीची एक नक्कल बिशपकडे पाठवत. त्या नकलांच्या गठ्ठ्यांतही नेमकं ते वर्ष नव्हतं.

मग एका गुरुवारी दप्तरखान्यातून रोझलिंडचा फोन आला. तिथली कागदपत्रं तीच सांभाळायची. १७९३ची नक्कल शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात चुकून बांधली गेली होती.

तासाभरात भाऊबहीण वाचनकक्षात हजर. तिथे पेन चालत नाही, चहा चालत नाही, मोठ्याने बोलणं तर नाहीच. विनिफ्रेडने बोट न टेकवता ओळी वाचल्या आणि ती थांबली. मग तिचे खांदे हलू लागले.

"रडतेस का गं?" स्टॅनली घाबरून कुजबुजला.

तिने कागदाकडे खूण केली. पाद्रीबुवांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एनॉक ऑल्ड्रॉइडची जुळी मुलं. नाव सांगणाऱ्या धर्मपित्याला ऐकू कमी येतं. दोन्ही वेळा नाव विचारलं, दोन्ही वेळा तो जॉन म्हणाला. मुलं या हातातून त्या हातात फिरत होती. मी एकाच मुलाला दोनदा पाणी लावलं नसेल अशी आशा आहे.'

स्टॅनलीच्या तोंडून असा आवाज निघाला की पलीकडचे आजोबा दचकून उभेच राहिले. रोझलिंड ओठांवर बोट ठेवून आली, तिनेही वाचलं आणि टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधायच्या निमित्ताने बराच वेळ खालीच बसली.

"म्हणजे एक गेला आणि एकाने लग्न केलं!" विनिफ्रेड डोळे पुसत म्हणाली. "भूतबीत काही नाही!"

"पण आपला जॉन कोणता? पाणी लागलेला की कोरडा?"

तेच विचारायला दोघं तशीच गाडी काढून थॉर्नगिलला गेली. हल्लीच्या पाद्रीबाई, ग्वेन, चर्चच्या दारात फुलं लावत होत्या. विनिफ्रेडने सगळं एका दमात सांगितलं.

"बाई, आपला जॉन कोरडाच राहिला असेल, तर आता काही करता येईल का?" स्टॅनलीने अगदी गंभीरपणे विचारलं.

ग्वेनबाईंनी कात्री खाली ठेवली.

"रविवारी अकराला त्याला घेऊन या," त्या म्हणाल्या. "पण या वेळी नाव धर्मपित्याला न विचारता मी स्वतः लिहून घेईन हं."

विनिफ्रेड हसता हसता पायरीवरच बसली. तिला उठवायला वाकलेला स्टॅनलीही तिच्या शेजारी कोलमडला. ग्वेनबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि किटली ठेवायला आत गेल्या.