चुंग आंटींचं इंग्रजी

"त्या चुंगबाईनं मागितलं तरी तिला इंग्रजी शिकवू नको गं," मधुकाकू म्हणाल्या. हातातले मटार सोलणं त्यांनी थांबवलं नव्हतं, पण आवाज खाली आणला होता. "बाकी काय वाटेल ते शिकव. भरतकाम शिकव, ढोकळा शिकव. इंग्रजी नको."

क्षमा हसली. "अहो काकू, ढोकळा मलाच येत नाही."

"हसू नको. पोरगा तिचा टोरंटोला. डॉक्टर गेल्यापासून आठ वर्षं एकच गाणं. मम्मी, तुला अंग्रेजी येत नाही, विमान बदलावं लागतं, एकटी कशी येशील? आणि ही पण सगळ्यांना तेच सांगते, काय करू, मला अंग्रेजी नाही येत. दोघांचं बरं चाललंय त्यात. तो आडोसा आहे बाई तिचा. तू तो काढू नको."

क्षमाने सोललेले दाणे सलोनीच्या मुठीतून काढून घेतले. एखादा नाकात गेला तर? चार वर्षांच्या पोरीला जवळ बसवून मटार सोलायला घ्यायलाच नको होते. काकूंचं बोलणं तिने अर्धंच ऐकलं, आणि जे ऐकलं ते म्हाताऱ्या माणसांचं आपलं काहीतरी म्हणून सोडून दिलं. काकूंचा आशुतोष पुण्याहून दर आठवड्याला फोन करायचा, 'आई, इकडे ये' म्हणून मागे लागायचा. ज्यांना बोलावणं आहे, त्यांना हे असलं शहाणपण सुचतं, असं तिला वाटलं.

झाशीत येऊन क्षमाला दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याची, परागची, नोकरी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात. क्वार्टर मिळालं नाही म्हणून सीपरी बाजारात भाड्याची जागा. पराग सकाळी डबा घेऊन जायचा तो अंधार पडताना ग्रीस लागलेल्या हातांनी परत यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली क्षमा दिवसभर भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी आणि सलोनीशी बोलायची. त्यातही सलोनीला मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर द्यायची. मधुकाकू खालच्या मजल्यावर होत्या म्हणून निदान 'अगं' आणि 'अहो' कानावर पडत होतं.

चुंग आंटी भेटल्या त्या सलोनीच्या दातामुळे. सदर बाजारात पोर पायरीवरून पडली, ओठ फाटला, तोंडभर रक्त. क्षमालाही रडू फुटलं. समोर पाटी दिसली, 'डॉ. चुंग, दंत चिकित्सक'. तिने हिरवा दरवाजा धडाधडा वाजवला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. बारीक डोळ्यांची, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा घातलेली, सुती सलवार-कमीजमधली बाई.

"डॉक्टर साहब तो गए, बिटिया। आठ बरस हो गए।" मग सलोनीकडे बघून, "अरे मोरी मोड़ी! इतै लाओ, इतै लाओ।"

चिनी चेहऱ्यातून अस्सल बुंदेली येताना ऐकून क्षमा रडायची थांबली. आंटींनी पोरीला दातांच्या त्या जुन्या खुर्चीत बसवलं, खुर्ची पायाने वरखाली केली, ओल्या फडक्याने ओठ दाबून धरला. दाताचा एक टवका उडाला होता, इतकंच. सलोनी खुर्ची खालीवर होताना हसायला लागली. तेव्हापासून त्या खुर्चीत बसायला मिळावं म्हणून तिने सदर बाजारात जायचा हट्ट धरायला सुरुवात केली, आणि क्षमालाही कुठेतरी जायला जागा झाली.

आंटी कलकत्त्याच्या. वडिलांचा चामड्याचा धंदा. चिनी शाळेत तिसरीपर्यंत गेल्या, मग घरकामाला लागल्या, मग लग्न होऊन झाशीला. घरात हाक्का ही चिनी बोली, दारात बुंदेली. इंग्रजीचं सगळं डॉक्टर बघायचे, मोठा झाल्यावर मुलगा हेन्री बघायचा. आता डॉक्टर भिंतीवर तसबिरीत होते आणि हेन्री टोरंटोला. रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर यायचा.

"तू तो अंग्रेजी पढ़ी है न?" एक दिवस आंटींनी विचारलं. "मोए सिखा दे। हवाई जहाज में अकेली बैठ जाऊँ, इतनी।"

क्षमाला काकूंचे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण कित्येक महिन्यांनी तिला येणारी एखादी गोष्ट कुणीतरी तिच्याकडे मागितली होती.

शिकवणी सुरू झाली. क्षमाने ए-बी-सी-डीपासून घेतलं आणि तिथेच गाडी अडली. अक्षर जोडून शब्द वाचायचा, हे आंटींच्या गळी उतरेना. त्या शब्दाकडे चित्रासारख्या बघायच्या. 'एक्झिट' लिहिलं की मधल्या एक्सवर बोट ठेवायच्या. "ये देख, आदमी टाँग फैला के दरवाजे पे खड़ा है। मतलब बाहर।" 'टॉयलेट'मधल्या 'ओ'ला त्या भांडं म्हणायच्या. क्षमाने चार दिवस वाद घातला, मग ओळखलं की लहानपणी चिनी शाळेत जे काही वाचायला शिकल्या, ते असंच शिकल्या. मग तिनेही चित्रं काढायला घेतली. 'गेट', 'बॅगेज', 'ट्रान्स्फर'. दाताच्या साच्यांच्या कपाटावर आंटींनी ती चिकटवली.

व्याकरणावरून तर रोज भांडण. आंटींना 'गो' पुरत होतं. काल गो, आज गो, उद्या गो.

"आंटी, कल गईं ना? तो वेन्ट."

"एक बेर बता दओ कि कल, फिर क्रिया काए कपड़ा बदले?"

"बदलती है। इंग्लिश में बदलती है।"

"बहुत कपड़ा है इनके पास," आंटी म्हणायच्या आणि खुर्चीतली सलोनी उगाचच खिदळायची.

हेन्रीला त्या 'शी' म्हणायच्या. त्यांच्या हाक्का बोलीत 'तो' असो की 'ती', शब्द एकच. "माय सन, शी इज इंजिनियर." क्षमा दुरुस्त करायची, त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वाक्यात हेन्री परत बाई व्हायचा.

थंडीच्या सुरुवातीला तिबेटी लोकांचा लोकरीचा बाजार लागला. तिथून आंटींनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी महाग घेतलं, गुडघ्यापर्यंतचा जांभळा कोट. "कनाडा में बरफ पड़ती है," त्यांनी दुकानदाराला सांगितलं, आणि मग शेजारच्या दुकानदाराला, आणि रिक्षावाल्याला.

विमानतळाची सवय व्हावी म्हणून क्षमा त्यांना स्टेशनवर घेऊन गेली. फलाट तिकिटं काढली. आंटी कोट घालून, रिकामी सुटकेस ओढत. एक नंबर फलाटावरच्या पाट्या एकेक करून वाचल्या. 'वेटिंग रूम' अडली, 'एन्क्वायरी' तर फारच अडली, पण 'एक्झिट' दिसताच लांबूनच ओरडल्या, "वो रहा टाँगवाला!" दोन हमाल वळून बघायला लागले.

मग बाकावर इमिग्रेशनचा काउंटर. क्षमा बसली.

"मैं बनूँगी ऑफिसर!" सलोनी मांडीवर चढली.

"बरं, तूच विचार. पर्पज ऑफ व्हिजिट?"

"पप्पर ऑफ विजट?" सलोनीने कडक आवाजात विचारलं.

आंटींनी कोटाची बटणं नीट केली. ताठ उभ्या राहिल्या. "आय कम टु सी माय सन," त्या म्हणाल्या. मग थांबून, सलोनीच्या कपाळाकडे बघत, "ही इज माय सन."

'शी' नाही, 'ही'. क्षमाने टाळ्या वाजवल्या. सलोनीनेही. हमालसुद्धा हसले. परत येताना आंटींनी रिक्षात क्षमाचा हात धरून ठेवला होता, सीपरी पूल ओलांडेपर्यंत सोडला नाही.

त्या रविवारी त्यांनी क्षमाला मुद्दाम थांबवून घेतलं. हेन्रीला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. कोट अंगात होता, खोलीत कुणाला थंडी वाजत नव्हती तरी. पडद्यावर हेन्री आला, मागे कुठेतरी बायको लिंडाचा आणि मुलांचा आवाज, हातात कॉफीचा मग.

"मम्मी, खाना खाया?"

"येस. आय एट," आंटी म्हणाल्या. 'ईट' नव्हे, 'एट'! क्षमाने दाराआडून मूठ आवळली.

हेन्री हसला. "अरे वाह! ये किसने सिखाया?"

"माय टीचर." मग त्यांनी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं, न अडखळता. मी विमानतळावरच्या पाट्या वाचू शकते. मला ट्रान्स्फर कुठे ते कळतं. अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर देता येतं. शेवटी दम घेऊन, "आय कॅन कम अलोन."

पडद्यावरचा माणूस हसायचा थांबला. मग लावून ठेवल्यासारखा पुन्हा हसला. आणि त्याने कॉफी खाली ठेवली.

"मम्मी, यहाँ बहुत ठंड है।"

आंटींनी कोटाची बाही पडद्यासमोर धरली.

"वो तो ठीक है, मम्मी. पर... घर छोटा है। बच्चे एक ही कमरे में हैं। लिंडा की शिफ्ट रहती है। तुम दिन भर अकेली बैठी रहोगी।" त्याचा आवाज वाईट नव्हता. क्षमाला नंतर कितीदा तरी वाटलं, वाईट असता तर बरं झालं असतं. "अगले साल देखते हैं न।"

"नेक्स्ट इयर आय अ‍ॅम सेव्हन्टी-फोर," आंटी म्हणाल्या.

वाक्यात चूक होती. क्षमाने ती दुरुस्त केली नाही.

फोन बंद झाल्यावर आंटी बराच वेळ कपाटावर चिकटवलेल्या चित्रांकडे बघत राहिल्या. सलोनी खुर्चीत झोपून गेली होती. क्षमाला काकूंची मटार सोलणारी बोटं आठवली. तिने धड्याचं पुस्तक मिटून ठेवलं.

"पैलें आसान थो," आंटी हळूच म्हणाल्या. उठून त्यांनी कोट काढला, हँगरला अडकवला, वरचं बटण लावलं. मग सलोनीच्या अंगावर शाल घालत म्हणाल्या, "कल भी आना। अभी तो आधी किताब बाकी है।"

क्षमा गेली. दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही. आंटी रोज धडा पुरा करायच्या. फक्त कुठे जायचं आहे, हे कुणीच बोलायचं नाही. इमिग्रेशनचा खेळ सलोनीने मागितला तर आंटी म्हणायच्या, "आज ऑफिसर की छुट्टी है।" मधुकाकूंना क्षमाने जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्या 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणाल्या नाहीत. नुसता उसासा टाकला आणि दुसऱ्या दिवशी आंटींसाठी डब्यात साखरभात पाठवला.

जानेवारीत परागच्या बदलीची ऑर्डर आली. भुसावळ. दोन्ही घरच्यांना आनंद झाला, परागने पेढे आणले. क्षमाने पेढ्यांचा पुडा घेऊन सदर बाजार गाठला आणि पेढे हातात ठेवून बदलीचं सांगितलं.

"घर जा रही हो," आंटी म्हणाल्या. "गुड. व्हेरी गुड."

निघायच्या दिवशी धुकं होतं, गाड्या खोळंबल्या होत्या. आंटी आल्या, जांभळा कोट घालून. सलोनीला कडेवर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग नुसतं जवळ धरलं. "नानी भी चलो," सलोनी हिंदीत म्हणाली. पराग सामान मोजत होता. क्षमा पोरीची टोपी पुन्हा पुन्हा कानांवर ओढत होती, टोपी जागेवरच असताना.

समोर दिल्लीहून आलेली गाडी लागली. त्यातून पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेलं एक गोरं जोडपं उतरलं, ओरछाचे महाल बघायला जाणारं असणार, आणि गोंधळून इकडेतिकडे बघत उभं राहिलं. आंटींनी सलोनीचा हात सोडला आणि त्यांच्याकडे चालू लागल्या.

"ओरछा? ऑटो? कम. एक्झिट दिस साइड."

गोऱ्या बाईला हायसं वाटलं. तिने आंटींचा चेहरा न्याहाळला आणि विचारलं, तुम्ही कुठल्या?

"आय अ‍ॅम फ्रॉम हिअर," आंटी म्हणाल्या.

क्षमा सलोनीला घेऊन घाईने डब्यात चढली, तेवढ्यात त्यांची गाडी हलली. खिडकीतून तिने बघितलं, तो जांभळा कोट पुढे आणि मागोमाग त्या दोन पिशव्या, गर्दीतून वाट काढत. आंटींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्यामागून माणसं येत होती ना, वाट चुकवून कसं चाललं असतं.

पुढे त्या फोनवर सांगायच्या, रोज दिल्लीची गाडी यायच्या वेळी स्टेशनवर जाते. आज जर्मनीवाले होते. आज एक म्हातारी, एकटीच फिरते, बघ. हमाल आता त्यांना मॅडम म्हणायचे.

होळीच्या दिवशी क्षमाने फोन केला तो उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे तर नुसताच बंद लागायला लागला. मधुकाकूंना विचारावं तर त्या आता पुण्याला आहेत, आशुतोषने शेवटी नेलंच. आंटींच्या शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा नंबर तिने कुठून कुठून मिळवला, तर दुकानदार म्हणाला, "आंटी? दिखी तो थीं। कब, याद नहीं।" हेन्रीचा नंबर तिच्याकडे कधी नव्हताच. पराग म्हणतो, फोन बिघडला असेल, तू उगाच घोर लावून घेतेस. असेलही. क्षमा घोर लावून घेणारीच आहे.

म्हणून आता ती उत्तरेकडे निघालेल्या ज्याला त्याला सांगते, आणि तुम्हालाही सांगते आहे. दिल्लीला जाताना तुमची गाडी झाशीला थांबतेच. एक नंबर फलाटावर नजर टाका. उन्हाळा असेल तर कोट नसेल, पांढरा अंबाडा बघा. दिसल्या नाहीत आणि हाताशी थोडा वेळ असला, तर सदर बाजारात जा. डॉ. चुंग यांची पाटी अजून आहे, तिच्याखाली हिरवा दरवाजा. दार जोरात वाजवा. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.