आडव्या बाटलीची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, भंगार नव्हे. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण दुबईतल्या सोनापूरच्या कामगार छावणीतल्या या खोलीत नव्याने आलेली मंडळी मला उचलून फेकायच्या बेतात आहेत.

मित्रांनो, माझा जन्म जपानचा, पण बोलायला लागलो ते मराठीच. चौऱ्याण्णव साली दगडू गवंड्याने मला बर दुबईच्या बाजारातून घेतलं. तेव्हा फोन महाग होता आणि पत्र लिहायचा सगळ्यांना कंटाळा. मग रत्नागिरीकडच्या त्याच्या गावाहून कुणी आलं की त्याच्याबरोबर कॅसेट येई आणि दुसऱ्या बाजूला उत्तर भरून परत जाई. शुक्रवारी सुट्टीला सगळी खोली माझ्याभोवती बसायची. काय रुबाब होता माझा! दगडूची बायको रुपाली घरचं सगळं सांगायची, आणि शेवटी मामांचा आवाज ठरलेला, "दगड्या, ऊन आहे तिथं. पाणी पीत जा रे." बाप गेल्यावर याच मामांनी दगडूला वाढवलं होतं. गावात त्यांचं परवान्याचं देशी दारूचं दुकान होतं.

दोन हजार तीनच्या सुमारास एक कॅसेट आली. ती सुरूच झाली सरपंच प्रभावतीताईंच्या आवाजाने.

"दुबईकर मंडळी, नीट ऐका. दारूचं दुकान ठेवायचं की नाही, यावर बायकांचं मतदान आहे. चिठ्ठीवर दोन चित्रं असतील. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होईल. म्हणजे जी घरी बसेल, तिचं मत दुकानालाच गेलं म्हणून समजा. तुमच्या बायका म्हणतात, ह्यांना विचारल्याशिवाय कसं जायचं? तर आता तुम्हीच सांगा."

मग रुपाली बोलली, "ऐकलंत ना? दुकान मामांचं आहे. मी गेले नाही तर वाडीतल्या बाकीच्या सुनाही जायच्या नाहीत. काय करू?"

समोरच्या खाटेवर दगडूच्याच वाडीतला नागेश बसला होता. त्याचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी त्याच दुकानातून पिऊन निघाला आणि विहिरीत पडून गेला.

"मी काही बोलणार नाही," नागेश म्हणाला. "मामा तुझे आहेत. पण गावी निघालेल्या सुदेशची फ्लाइट उद्या आहे. कॅसेट त्याच्याबरोबर जायला हवी. यल्ला, चल, काय ते रेकॉर्ड कर."

दगडूची अडचण मला कळत होती. वाडीत टेप एकाच घरी. दुबईची कॅसेट आली की सगळी वाडी तिथं जमायची, आणि मामा सगळ्यांच्या पुढे बसायचे. रुपालीच्या कानात सांगण्याची सोयच नव्हती.

त्याने बटण दाबलं. मला तोंडाजवळ ओढलं.

"रुपाली, जा," तो म्हणाला. "आडव्या बाटलीवर शिक्का मार. सगळ्या जणींना घेऊन जा. मामा, तुम्हीही ऐकताय. नागेशच्या समोर बसून मला दुसरं काही बोलता येत नाही. माफ करा."

पुढच्या कॅसेटमध्ये बातमी आली. बायकांनी दुकान बंद केलं होतं. ते ऐकून नागेश डोळे पुसत बाहेर गेला. पण शेवटी मामा बोलले नाहीत. त्यांचा फक्त खोकला ऐकू आला. दगडूने कॅसेट मागे घेऊन तो खोकला पुन्हा पुन्हा ऐकला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. जे भरलेलंच नाही ते मी कुठून ऐकवणार?

अशा कितीतरी कॅसेटी आल्या. मग एकदा, सगळ्यांचं बोलून झाल्यावर, तो आवाज आला.

"दगड्या, ऊन आहे तिथं." मामा जरा थांबले. "पाणी पीत जा रे."

दगडू लहान मुलासारखा रडला. नागेशने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

ती कॅसेट दगडूने परत पाठवलीच नाही; ती अजून माझ्याच पोटात आहे. उत्तर नव्या कॅसेटवर गेलं. पुढं मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. मामाही आता राहिले नाहीत. मोबाइलवर साऱ्या जगाचे आवाज येतात, त्यांचा येत नाही. तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्या पोटात कुणाचा आवाज आहे, एवढं तरी विचारा. माझ्यावर धूळ बसू देऊ नका, माझा आतला रबरी पट्टा जपा. अजूनही एखाद्या शुक्रवारी दगडू मला खाली घेतो, बटण दाबतो, शेवटपर्यंत ऐकतो आणि उठून पाणी पितो.