शिळे नावाचा फोल्डर

मंजुळा नाखवा वागळे इस्टेटमधल्या सामंत प्रेसिंग्ज या पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं टायपिस्ट होती, आणि शहाण्णव साली तिला दिवाळीची मुदत देण्यात आली. टाइपरायटर दिवाळीला भंगारात जाणार, तोवर कॉम्प्युटर जमला तर ठीक, नाहीतर राजीनामा द्या, असं मालकांनी, म्हणजे गोविंदा सामंतांनी, हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. माणूस तसा वाईट नव्हता. पण असलं काही चहा पिता पिता सांगायला वाईट असावं लागतं थोडंच!

मंजुळाचं घर चेंदणी कोळीवाड्यात. दोन मुली शाळेत, नवरा दामाजी. दामाजीची होडी होती, पण खाडीत कारखान्यांचं पाणी उतरल्यापासून जाळ्यात मासे कमी आणि प्लास्टिकच जास्त यायचं. घर चालत होतं ते मंजुळाच्या पगारावर. नोकरी गेली असती तर खायचे वांधे झाले असते, आणि चाळिशी ओलांडलेल्या टायपिस्टला दारात कोण उभं करतंय?

कॉम्प्युटरसाठी मालकांनी मधु प्रधानला आणला होता. डोंबिवलीचा, डिप्लोमावाला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे दर पाच मिनिटांनी सगळ्यांना कळलं पाहिजे अशी त्याची काळजी. त्याने ऑफिसातला सगळा कागद कॉम्प्युटरात चढवला आणि चार फोल्डर केले. पत्रं एकात, ड्रॉइंग दुसऱ्यात, तपासणीचे रिपोर्ट तिसऱ्यात, खरेदी चौथ्यात. बाहेरून बघाल तर काय टापटीप! आत शिराल तर राम राम. कारखान्यात पंख्याच्या मोटरवर बसणारी पत्र्याची टोपी बनायची, तिचंच ड्रॉइंग घ्या. ‘फॅनकॅप’, ‘फॅनकॅप टू’, ‘फॅनकॅप न्यू’, ‘फॅनकॅप न्यू न्यू’, ‘फॅनकॅप लास्ट’. आणि लास्टनंतर आणखी दोन होतीच. कोणी काही मागितलं की मधु म्हणायचा, एक मिनिट हं. त्या एका मिनिटात मागणारा डबा खाऊन परत यायचा.

मंजुळाने महिन्याभरात माउस काबूत आणला. सुरुवातीला तो टेबलाच्या कडेवरून खाली पडायचा, मग पडेनासा झाला. बोटं तर टाइपरायटरवर घासलेली, ती कशाला अडतायत? पण नुसतं टाइप करायला मालकांना माणूस नको होता. टाइप तर मधुही करत होता.

एका रविवारी ती हा सगळा राग घेऊन आईकडे बाजारात जाऊन बसली. तिची आई जनाबाई सत्तरीची, अजून पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणून विकायची. तिची माल लावायची तऱ्हा निराळी. बाकीच्या बायका सुरमई एकीकडे, कोळंबी एकीकडे, बोंबील एकीकडे असे ढीग मांडायच्या. जनाबाई ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या नावाने मांडायची. नौपाड्याच्या वकीलबाईंची पाटी म्हणजे दोन पापलेटं, मूठभर कोळंबी आणि मांजरीसाठी चार मांदेली, सगळं एकत्र. बाई आल्या की पाटी उचलायची आणि पिशवीत रिकामी करायची, शोधाशोध नाही. कालचा माल मात्र वेगळा, पानाखाली. मागितला तर काढायची, आणि कालचा आहे हे तोंडावर सांगून द्यायची.

मंजुळा हे लहानपणापासून बघत आलेली. हेही बघत आलेली की पापलेट दरवेळी कोणातरी गिऱ्हाइकाच्या नावाचं असतं आणि घरच्या ताटात पडतं ते उरलंसुरलं. पण असं का मांडतेस, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी विचारलं.

जनाबाई पाणी शिंपडत म्हणाली, “मासं काय मला शोधायचं हाय का गो? येनारा कशाला येतो ते बग, नि तसं लाव.”

मंजुळा उठलीच. एकोणीस वर्षांत ऑफिसात कोणीही येऊन ‘एक पत्र द्या’ असं म्हटलं नव्हतं. माणूस यायचा तो हातात पत्र्याचा तुकडा घेऊन, आणि त्याला त्या तुकड्याचं सगळं हवं असायचं. अगं बाई, एवढं साधं!

गणपतीत मधु आठ दिवस गावी गेला. मंजुळाने मालकांना विचारलं, त्यांनी मधुचं काही हलवू नका, कॉपी करून काय ते करा म्हणून परवानगी दिली. तिने प्रत्येक पार्टाचा एक फोल्डर केला. टोपीच्या फोल्डरात टोपीचं ड्रॉइंग, टोपीबद्दल गिऱ्हाइकाने लिहिलेली पत्रं, टोपीचे रिपोर्ट, टोपीच्या पत्र्याची खरेदी. ड्रॉइंग एकच, आज चालू असलेलं. ते कुठलं, हे ठरवायला ती एकेक छापील ड्रॉइंग घेऊन खाली मशिनवर गेली, फोरमन तानाजीबरोबर पार्ट मोजले, पत्रांशी ताडून बघितले. एकशे चाळीस पार्ट होते. पाय सुजले तिचे. जुनी ड्रॉइंग तिने टाकली नाहीत, प्रत्येक फोल्डरात आणखी एक छोटा फोल्डर करून त्यात ठेवली आणि त्याला नाव दिलं ‘शिळे’.

मधु परत आला, त्याने ते बघितलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाला, “कॉम्प्युटर आहे हा, मासळी बाजार नाही.”

दोघं-तिघं हसले. मंजुळाच्या कानशिलांना आग लागली. मालकांनी दोन्ही राहू द्या म्हणून विषय टाळला. ती मात्र रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी आपल्या फोल्डरांत त्या दिवसाचा कागद न चुकता लावत राहिली.

ऑक्टोबरात आयएसओचं ऑडिट आलं. सर्टिफिकेट मिळालं तर पुण्याचं मोठं गिऱ्हाईक मिळणार, नाहीतर नाही. ऑडिटर सरोज भागवत, पुण्याच्या, बोलायला गोड आणि नजरेला सुईसारख्या. मालकांनी मधुला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि मंजुळाला आतल्या खोलीत.

भागवतबाई तडक मशिनपाशी गेल्या, ट्रेमधून एक टोपी उचलली, ती आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हिचं ड्रॉइंग दाखवा. मधुने ‘फॅनकॅप लास्ट’ उघडलं. बाईंनी टोपीचं भोक मोजलं. ड्रॉइंगमध्ये आठ मिलिमीटर, टोपीला नऊ.

“म्हणजे एकतर तुमचा सगळा माल चुकलाय, नाहीतर हा कागद,” त्या म्हणाल्या. “कुठलं ते सांगा.”

मधु म्हणाला, एक मिनिट हं. बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तीन मिनिटं झाली, चार झाली. मधु एक उघडायचा, दुसरं मिटायचा, सामंतांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मंजुळा दारात येऊन उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. गेली तर मालकांचा शब्द मोडणार, न गेली तर सगळंच बुडणार. ती गेली.

“मधु, जरा ऊठ,” ती म्हणाली.

तो उठला. ती बसली, टोपीचा फोल्डर उघडला आणि एकेक समोर ठेवत गेली. हे ड्रॉइंग, भोक नऊ. हे जूनमधलं गिऱ्हाइकाचं पत्र, आठचं नऊ करा म्हणून. हा तानाजीचा रिपोर्ट, नऊ मोजल्याचा. माल बरोबर होता.

भागवतबाईंनी आणखी एक पार्ट आणायला सांगितला. मग आणखी एक. असे दहा आणवले, आणि दहाच्या दहा वेळा मंजुळाचं बोट थांबायच्या आत कागद पडद्यावर होता. मग त्यांनी शिळे म्हणजे काय ते विचारलं.

“कालचा माल,” मंजुळा म्हणाली. “टाकत नाही, पण आजच्यात मिसळतही नाही.”

बाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. जुना कागद नव्यात मिसळू नका, हे मी कारखान्या-कारखान्यांत घसा कोरडा होईपर्यंत सांगते, असं त्या म्हणाल्या, आणि हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं विचारलं.

मंजुळाने मधुकडे बघितलं, मग मालकांकडे, आणि मान ताठ करून म्हणाली, “माझ्या आईने. ती बाजारात मासे विकते.”

कोणी हसलं नाही.

रिपोर्टात एक ओळ होती, कागदपत्रं सांभाळण्याची जबाबदारी कोणाची. सामंत घसा खाकरून काही बोलणार, तेवढ्यात मधुच म्हणाला, “मंजुळाबाईंचं नाव लिहा.” कान लालबुंद झाले होते त्याचे, पण म्हणाला, आणि त्यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ. एका कागदाच्या दोन जागा नकोत, असं भागवतबाईंनी बजावलं, तेव्हा आपले चार फोल्डर त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकले. सर्टिफिकेट मिळालं. दिवाळीला टाइपरायटर एकटाच जाईल, असं सामंत म्हणाले. यावेळी त्यांनी कप खाली ठेवला होता. मंजुळा बरं म्हणाली, आणि कॉम्प्युटरची खुर्ची डुगडुगते, ती बदलून द्या म्हणाली.

संध्याकाळी ती थेट बाजारात गेली. जनाबाई उरलासुरला माल आवरत होती. मंजुळाने सगळं सांगितलं, टोपी, भोक, घड्याळ, आणि शेवटी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं म्हणाली. जनाबाईने निम्मं ऐकलं, निम्मं तिला कळलं नसावं. तिने वकीलबाईंची पाटी पुढे ओढली, त्या अजून यायच्या होत्या, आणि त्यातलं मोठं पापलेट उचलून मंजुळाच्या पिशवीत घातलं.

“अगं, ते गिऱ्हाइकाचं,” मंजुळा म्हणाली.

“तिला सांगन, आज नाय,” जनाबाई म्हणाली. “ह्ये तुज्या नावाचं.”