डोळ्यांतल्या पाण्याचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. मर्गिलान शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या दाराशी उभा असतो. नवा होतो तेव्हा लोक मला कौतुकाने हात लावून बघत. आता डोक्यावर चहाच्या किटल्या ठेवतात आणि घरघरलो की बुक्की हाणतात. चालायचंच.

माझ्या पोटात डोळ्यांतलं पाणी असतं. मोतीबिंदू काढताना डॉक्टर सनोबर डोळ्याच्या आतलं थेंबभर पाणी घेतात आणि इवल्या नळीत भरून माझ्या हवाली करतात. नुसत्या म्हातारपणाने मोतीबिंदू झाला, तर त्या पाण्यातली प्रथिनं वेगळी. ज्या घराण्यात डोळ्याचा पडदाच पिढ्यान्‌पिढ्या वाळत जातो, तिथली वेगळी. आत काहीतरी धुमसत असल्याची खूण थेंबात उतरते.

मोतीबिंदू काढायला आलेल्या झुलहुमोरआपांच्या थेंबात ती उतरली होती.

"आपा, मोतीबिंदू निघाला, पण मागचा पडदा वाळतोय," डॉक्टर म्हणाल्या. "हे घराण्यातून येतं. तुमचं लग्न मामेभावाशी, आता मुलीचंही मामाच्याच मुलाशी ठरवताय. गुलशोदाचे डोळे तपासू द्या, तोवर सोयरीक थांबवा."

"काहीतरीच बाई तुमचं. घारीची नजर आहे तिची. तपासलं की गावभर होईल, मग कोण करणार तिला?"

गुलशोदा शेजारीच होती. मला तेव्हापासूनच तिच्या डोळ्यांची काळजी वाटत होती.

आमच्याकडे रोटी मोडली की सोयरीक पक्की, मग माघार नाही. आपांना नव्या डोळ्याने ते बघायचं होतं, म्हणून त्यांचा भाऊ तुर्सुनअली मुलाला, उल्मासला, घेऊन दवाखान्यातच आला. डॉक्टर आत शस्त्रक्रियेत गुंतलेल्या. माझ्या शेजारच्या बाकावर रोटी मोडली गेली.

तेवढ्यात वीज गेली. तिन्हीसांजेचा उजेड खिडकीतून येत होता, चांगल्या डोळ्यांना पुरेसा.

"गुलशोदा, अर्धी उल्मासला दे गं," आपा म्हणाल्या.

गुलशोदा लाजत उठली आणि तिने रोटी पुढे धरली. माझ्यापुढे. रोटी माझ्या दाराला टेकली. उल्मास पलीकडे उभा होता, त्याचा पुढे आलेला हात तसाच राहिला. तुर्सुनअलीने मान खाली घातली.

"दिलीस ना?" आपांनी विचारलं. त्यांनाही दिसत नव्हतं.

"दिली, आई."

मित्रांनो, घरात कुणी संध्याकाळचं ठेचकाळत असेल, तर वेंधळा म्हणून हसू नका, आणि लपवू तर मुळीच नका. हाताला धरून वेळेवर घेऊन या. थेंब माझ्यापर्यंत पोचतो, तेव्हा बहुतेक वेळा रोटी मोडून झालेली असते.