सहावी अट

लोखंडी कपाटांच्या त्या कारखान्यात कशाचीही मोजणी निघाली की ती नोंदणी विभागातल्या ताईच्या टेबलावर यायची. चारशे बारा कामगार, चारशे बारा ओळी, आणि कोण कुठल्या ओळीत हे तिला तोंडपाठ. एका अटीवर कुणीही मोजेल. ताई चार-चार अटी एका सूत्रात ओवायची. त्या सगळ्या ज्या ओळीत एकदम बसतील तेवढ्याच ओळी संगणक मोजायचा. एक जरी अट चुकली की ती ओळ बाद. या कसबाचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

त्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब स्वतः खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. साहेब असे शेजारी येऊन बसले की काहीतरी शिजतंय हे शिपायालासुद्धा कळायचं. कामगारांच्या वार्षिक तपासणीचे फॉर्म नुकतेच भरून झाले होते. नियम साधा होता. एकाच विभागात पाच किंवा जास्त जणांना एकच त्रास निघाला, तर तपासणी कार्यालयाला कळवायचं, आणि त्यांची माणसं येऊन जाईपर्यंत तो विभाग बंद.

“विभाग रंगखाना, आणि हात थरथरणं ‘होय’. किती?” साहेबांनी विचारलं.

“अकरा.”

साहेबांनी चष्मा पुसला. “नव्यांनी आधीच्या नोकरीतून आणलं असेल. दोन वर्षांच्या वरचेच घ्या.”

आठ झाले.

“पिणाऱ्यांचे हात थरथरणारच. न पिणारेच घ्या.”

सहा.

“आणि वयानंही होतं हो, मॅडम. पंचेचाळिशीच्या आतले बघा.”

चार.

“बघा!” साहेब उठले. “उगाच बाऊ करत होतो आपण. संध्याकाळपर्यंत तुमच्या सहीनं पाठवून द्या.”

ताईला कळत नव्हतं असं नाही. ती अकरा माणसं कुठेही गेली नव्हती. तिथेच रंगाच्या फवाऱ्यापाशी उभी होती, फक्त त्यातली सात मोजणीतून उठली होती. पण रंगखाना बंद म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं काम बंद, आणि त्याची मुलगी अजून रांगतही नव्हती. शिवाय भावाच्या एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत ‘नाही’ होतं. ते ताईनंच भरायला लावलं होतं. “कधीकधी हात जरासा कापतो गं,” फॉर्म भरताना तो म्हणाला होता. ताईनं त्याला दटावलं होतं, “दमल्यावर सगळ्यांचाच कापतो. कशाला हात दाखवून अवलक्षण? ‘नाही’ लिही आणि मोकळा हो.”

जेवणाच्या सुट्टीत भाऊ रजेचा कोरा अर्ज घेऊन आला. अंगाला नेहमीचा थिनरचा वास. अर्ज तिच्यापुढे सरकवत म्हणाला, “तूच लिही गं ताई. तुझं अक्षर चांगलं.”

ताईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि हा रंगखान्यात लागायच्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढायचा, लोक थांबून बघायचे.

तिनं एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. “एक रेघ ओढ.”

“काय खुळ्यासारखं?”

“ओढ म्हणते ना.”

रेघ दोन बोटं नीट गेली आणि मग हलायला लागली. कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिची पार नागमोड झाली होती. भाऊ हसला. “नाचता येईना, अंगण वाकडं. पेन्सिलच वाकडी आहे तुझी.” मग ताईचा चेहरा बघून तो हसायचा थांबला. “बाळाला उचलून घेत नाही हल्ली,” तो हळूच म्हणाला. “हातातून सुटली तर? तुला सांगणार होतो. पण तूच म्हणालीस ना, नाही लिही म्हणून.”

तो गेल्यावर ताईनं तो रेघेचा कागद बाजूला सरकवला. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं एकशे सत्त्याऐंशीवी ओळ उघडली आणि ‘नाही’चं ‘होय’ केलं. सहा वर्षं नोकरी, दारू नाही, वय अडतीस. साहेबांच्या सगळ्या अटींत भाऊ चपखल बसला. चाराचे पाच झाले.

फाईल साहेबांच्या संगणकावरही उघडी असायची. ते ज्या चौकोनात असतील, त्याभोवती तांबडी चौकट दिसायची. ती चौकट आता सूत्रावर येऊन थांबली. ताई बघत होती. पाचाचे चार झाले.

तिनं सूत्र उघडून पाहिलं. शेवटी सहावी अट होती. फाईलमध्ये एक नवा रकाना आला होता, ‘कार्यालयात नातेवाईक’. चारशे अकरा ओळींत ‘नाही’. एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत ‘आहे’.

फोन वाजला. “आता बरोबर आलं ना, मॅडम?” साहेबांचा आवाज अगदी गोड होता. “तुम्हीच शिकवलंत आम्हाला. पाठवा.”

ताईनं फोन ठेवला आणि अटी खोडायला घेतल्या. नातेवाईक गेलं. वय गेलं, दारू गेली, वर्षं गेली. दोनच अटी उरल्या, रंगखाना आणि थरथर. आकडा बारा झाला. बारा नावं तिनं एकाखाली एक लावली. छापायला दिली असती, पण छापायचं यंत्र साहेबांच्या केबिनमध्ये होतं.

तांबडी चौकट एकशे सत्त्याऐंशीवर आली. ‘होय’चं ‘नाही’ झालं. अकरा. चौकट पुढच्या नावावर सरकली. दहा. घाई नव्हती साहेबांना. बाग शिंपावी तसं एकेक करत होते. नऊ.

खाली दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. ताईनं भावानं रेघ ओढलेला तो कागद जवळ ओढला. वर तपासणी कार्यालयाचं नाव घातलं, रेघेखाली भावाचं नाव लिहिलं, मग पुसल्या गेलेल्या आणखी दोघांची आठवून लिहिली, आणि पुढची पडद्यावरून जातील तशी उतरवत सुटली. आठ. सात. कोंबडीचे पाय होते, पण वाचता येत होते.