सिप्रोसाची जागा

कारखान्याच्या वकिलाच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र सभ्य होतं. माझं पूर्ण नाव त्यात बिनचूक होतं. वस्तीत मला सगळे नुसतं मास्तर म्हणतात, त्यामुळे ते वाचताना दुसऱ्याच कुणाचं पत्र उघडल्यासारखं वाटलं. ‘कातडी कमावण्याच्या नियोजित कारखान्याच्या जागेत आपल्या दिवंगत पत्नीची कबर आहे. आपण संमती दिल्यास आम्ही ती सन्मानाने आपल्या मूळ गावी हलवू. पेटी, गाडी आणि मयतीच्या जेवणासाठी एक बैल आमच्यातर्फे.’

बैलाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

केनियातल्या किसुमू शहराच्या कडेला आमची वस्ती आहे. सरकारी नकाशात तिच्यामागचं मैदान हिरव्या रंगात होतं. मुलांनी खेळावं, बायकांनी तळ्यातली बारीक मासळी वाळवावी, एवढ्यासाठीच ते राखलेलं. तिथे कारखान्याची पाटी लागली, माती उकरायचं यंत्र आलं, तेव्हा सिप्रोसा, माझी बायको, सगळ्यांत आधी त्याच्यासमोर जाऊन बसली. मी मागे तिच्यावर छत्री धरून उभा होतो. यापेक्षा मोठं काही मी त्या लढ्यात केल्याचं मला आठवत नाही.

मग ती आजारी पडली. विरोध समितीचा अध्यक्ष झकायो रादिंग रोज यायचा. “आज कसं आहे?” विचारायचा, आणि जरा बरं आहे म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, काळजीनं दमलाय.

सिप्रोसाला मात्र कळलं होतं. एकदा ती उशीवरूनच म्हणाली, “झकायो, लाजतोस काय? माग की. कबर हवीय ना तुला?”

तो स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, “मास्तरीणबाई, कबरीवर यंत्र घालायची कुणाची छाती होणार नाही.”

“मग घे मला. फुकट आहे. पण एकदा ठेवलंत की ठेवलंत. तिथून हलवायचं नाही.”

आमच्यात बायकोला नवऱ्याच्या गावी, त्याच्या घराच्या दाराशी डाव्या हाताला पुरतात. ती जागा तिनं सोडली. माझे भाऊ मयतीला आले नाहीत. बायकोला मैदानात टाकणारा आमचा कोण, असा निरोप आला. खड्डा समितीनं खणला. पहिली माती रादिंगनं हातांनी लोटली, शेजारी मासळीवाली तुर्फोसा लोटत होती. रादिंग असा रडला की त्याला दोघांनी धरावं लागलं.

यंत्र खरंच परत गेलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मैदान आमचं राहिलं. मग कारखान्याचा माणूस एकेकाच्या घरी चहाला जाऊ लागला. रादिंगला फाटकावरच्या रखवालदारांचं मुख्यपद कबूल झालं, खाकी गणवेश आधीच शिवून आला. तुर्फोसाला कामगारांच्या खानावळीचा शब्द मिळाला. राहिली होती ती फक्त माझी सही.

“मास्तर, बाई माझ्या स्वप्नात येते,” तुर्फोसा भर बाजारात म्हणाली. “मला घरी न्या म्हणते.”

“माझ्या नाही आली,” मी म्हणालो.

“तुमच्या कशाला येईल? तुम्हाला सांगून आजवर कुठलं काम झालंय?”

सगळे हसले. मीही हसलो. ती माझी जुनी सवय आहे.

त्यानंतर कबरीवर मासळी वाळू लागली. मी ती बाजूला केली तर तुर्फोसा म्हणाली, “असू दे, तिलाही वास हवाच ना.” कुणाच्या पोराला ताप आला, तो कबरीमुळे आला. दुकानदारानं मला साखर नाही म्हणून सांगितलं, तेव्हा साखरेचं पोतं त्याच्या मागेच उभं होतं. एके सकाळी रादिंगनं कबरीवरचा क्रूस आणून माझ्या ओट्यावर ठेवला.

“वाऱ्यानं पडला,” म्हणाला. वारा नव्हता. “आणि मास्तर, तुम्ही नाही म्हणालात तरी कोर्ट हो म्हणेल. मग बैलही गेला.”

हे खरं होतं. तेवढं मी वाचलेलं आहे.

मग मी लिहायला बसलो. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. ‘माझी संमती आहे. मात्र आमच्या रिवाजाप्रमाणे ज्यांनी माती लोटली त्यांनीच ती काढावी लागते. तेव्हा श्री. झकायो रादिंग व श्रीमती तुर्फोसा यांनी दिवसाढवळ्या, सर्व वस्तीसमोर, स्वतःच्या हातांनी कबर उघडावी. बाहेरचा मजूर चालणार नाही.’

असा रिवाज नाही. पण संमती हाती आल्यावर वकील कोर्टात कशाला जाईल? आणि कबर उघडणारा झिजून मरतो, मागोमाग त्याची पोरंही, हे आमच्याकडे लहान मुलालासुद्धा माहीत असतं. साधं ‘नाही’ मला म्हणता आलं नाही आणि हे मात्र सुचलं, याचं मला अजून नीट वाटत नाही. सिप्रोसाला काय वाटलं असतं, तेही सांगता येत नाही.

पोस्टात रादिंग माझ्याबरोबर आला, गणवेश घालून. तिकीट त्यानंच जिभेनं ओलं करून चिकटवलं.

“काय लिहिलंत?”

“हो म्हटलंय.”

त्यानं मला मिठी मारली. “बैलाचं मांस आम्हालाही ठेवा हं, मास्तर.”

“तुमच्याशिवाय काही होणारच नाही,” मी म्हणालो.

टपालपेटीच्या फटीशी माझा हात थांबला. त्याच्या शर्टाची बटणं नवी होती, चकचकीत. मला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस उकरेलसुद्धा. आधी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून येईल आणि मग डोळे मिटून उकरेल. मग सिप्रोसा त्याच्याच हातात जाईल.

“टाका की!” म्हणत त्यानं माझं कोपर ढकललं, आणि पाकीट आत पडलं.